घरातला माणूस गप्प राहू लागला तर



पऱ्हाटीवर लाल्या आला की तो तुम्हाला बांधावरूनच दिसतो. पानं कडेनं लाल होऊ लागली, की झाडाला अन्नद्रव्य कमी पडतंय हे तुम्ही ओळखता आणि मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी घेता. झाड आळशी झालं, असं कुणी म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. दरवर्षी सगळ्यांच्या आधी तिफण काढणारा कास्तकार दुपारपर्यंत खाटेवर पडून राहू लागला, की गाव म्हणतं, ‘याला आता कामच नको.’ आज बोलायचं आहे ते या माणसाबद्दल.

काळजी वेगळी आणि आजार वेगळा, हे आधी समजून घ्यावे. पाऊस लांबला, दुबार पेरणीची पाळी आली, सोयाबीन घरात आलं आणि भाव पडला, तर कुणाचीही झोप उडणारच. चार-आठ दिवसांत माणूस सावरतो आणि कामाला लागतो. पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, तर ती नुसती काळजी नव्हे. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

त्याच्या खुणा घरच्यांनाच दिसतात. पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. भाकरी ताटात तशीच राहते. जनावराला पाणी दाखवायचं विसरतं. पारावर जाणं बंद होतं, फोन वाजला तरी उचलला जात नाही. ‘मला वाईट वाटतंय’ असं पुरुष माणूस सहसा बोलून दाखवत नाही. तो चिडतो, लेकरांवर ओरडतो, दारू वाढवतो. दारूनं रात्र निघते, पण मन आणखी खचतं आणि उरलीसुरली झोपही जाते. बायकांचं दुखणं तर सगळ्यात उशिरा ध्यानात येतं. डोकं जड आहे, अंग दुखतं, छातीत धडधडतं, असं त्या सांगतात आणि वर्षभर दुखण्याच्या गोळ्या खात राहतात. स्वयंपाक, निंदण, वेचणी काही थांबत नाही, म्हणून कुणाला काही वाटतही नाही.

आणखी काही खुणा धोक्याच्या आहेत. ‘माझ्यामागं तुमचं तरी बरं होईल’ असं बोलणं, कारण नसताना साऱ्यांचे हिशेब मिटवणं, जवळची वस्तू देऊन टाकणं, किंवा महिनाभर बेचैन असलेला माणूस एकाएकी अगदी शांत होणं. असं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका.

सरळ विचारा

अशा वेळी काय बोलावं हेच कळत नाही, म्हणून लोक पीकपाण्याचं बोलून उठून जातात. जवळ बसा. ‘भाऊ, महिनाभर तुमचं चित्त ठिकाणावर दिसत नाही, काय झालं?’ एवढं विचारा आणि मग गप्प बसा. त्याला बोलू द्या. ‘मन घट्ट करा’, ‘त्या अमक्याकडे पाहा, त्याचं तर सारंच वाहून गेलं’ असलं काही सांगू नये. त्यानं धीर येत नाही, उलट शरम वाढते.

शंका आली तर स्पष्ट विचारावे: ‘जीव द्यावा असा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. बहुतेक वेळा माणसाला मोकळं वाटतं, कारण एवढे दिवस तो हे एकटाच वागवत असतो. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

पोलिसांच्या धाकानंही घरचे गोष्ट दाबून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, जो २०१८ पासून लागू आहे, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. तेव्हा दवाखान्यात खरं सांगायला भिऊ नये.

डबा घरात नको

आता माझ्या खात्यातली गोष्ट. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. मला हा शब्द मुळीच पसंत नाही. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असतो तो उगीच नव्हे. ते विष आहे, आणि आपल्याकडे ते धान्याच्या कोठीशेजारी, खाटेखाली, कुडाच्या खुंटीला असतं.

जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट बहुधा थोडा वेळ टिकते, कधी कधी तासभरही नाही. तेवढ्या वेळात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढं आपलं आयुष्य जगतात. श्रीलंकेनं १९९५ साली अतिविषारी गटातली कीटकनाशकं आणि १९९८ साली एंडोसल्फान बंद केलं. २००५ पर्यंत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि पिकांचं उत्पन्न त्यामुळं घटलं नाही.

म्हणून एका फवारणीला लागेल तेवढंच आणावे. मोठा डबा स्वस्त पडतो हे खरं, तरी लहानच घ्यावा. न फोडलेला डबा परत घेणार का, हे कृषी केंद्रवाल्याशी घेतानाच बोलून ठेवावे आणि पावती जपावी. घरात कुणी खचलेलं असेल, तर सगळे डबे त्याच दिवशी भावकीत किंवा भरवशाच्या शेजाऱ्याकडे कुलुपात ठेवावेत. किल्ली त्याच्याजवळच राहू द्यावी. विष पोटात गेलंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका. डब्यासकट थेट दवाखाना गाठा.

दवाखान्यात काय होतं

‘मी काय वेडा आहे का?’ हे पहिलं वाक्य ऐकू येतं. तेव्हा ‘झोप येत नाही, ते दाखवू’ असं म्हणून न्यावे, आणि ते खोटंही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना झोप, भूक, मन, सारं सांगावे. गरज पडली तर ते जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. आशाताईला सांगितलं तरी ती वाट दाखवते. नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. युरिया टाकला की चार दिवसांत हिरवं दिसतं, तसं इथं नाही. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. बरं वाटल्यावरही काही महिने त्या घ्याव्या लागतात. त्यांची दारूसारखी सवय लागत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर बोलणं सुरू केलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १०० मागं ४ वरून २७ वर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जवळचा माणूस दारात येऊन बोलला, की लोक पुढं येतात.

गोळ्यांनी कर्ज फिटत नाही, हे कुणीही म्हणेल, आणि बरोबरच आहे. पण सारं देणं एका कागदावर लिहून काढा: सोसायटी, बँक, कृषी केंद्र, सावकार, पाहुणे. बायकोला किंवा मोठ्या मुलाला तो कागद दाखवा. लपवलेलं कर्ज सगळ्यात जड असतं. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली असेल, तर बँकेत पीककर्जाचं पुनर्गठन लेखी मागावे. बिनपरवाना सावकार छळत असेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. जो खचलेला आहे त्यानं एकट्यानं हे करू नये, बरोबर कुणीतरी जावे.

तोवर रोजचं एखादं लहान काम चालू ठेवावे. गोठा झाडणं, बांधापर्यंत चालून येणं, एवढंही पुरे. मन होईल तेव्हा करू, अशी वाट पाहू नका. आधी हातपाय हलतात, मन मागून येतं.

टेली मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलता येतं. आजारी माणसानंच फोन करावा असं नाही. त्याची बायको, भाऊ, शेजारीही विचारू शकतात. जिवाला लगेच धोका दिसला, तर १०८ ची गाडी बोलवावी.