फळीवरचे मालयार्ड

खेळातली आगगाडी म्हटले की गोल रुळावर भिरभिरणारी गाडी डोळ्यांसमोर येते. तिचे दहा फेरे पाहून झाले की अकराव्या फेरीत नवे काहीच नसते. अमेरिकेतील हौशी मंडळी मात्र एक वेगळाच खेळ खेळतात. त्यांची गाडी कोठे जातच नाही! सहा फूट लांब आणि एक फूट रुंद अशा भिंतीवरच्या फळीवर ती मुंगीच्या पावलांनी पुढेमागे होते, आणि तरीही ती चालवणारा माणूस तासन् तास त्यात गढून जातो. असे काय आहे या फळीवर? तेच आज पाहू.

शंटिंग म्हणजे काय?

मालगाडी एका गावाहून सुटते तेव्हा तिच्यात निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या वाघिणी असतात. एक धान्याच्या कोठाराकडे जाणारी, एक लाकडाच्या वखारीची, एक तेलाची टाकी. गाडी मुक्कामाला पोचली की प्रत्येक वाघीण सोडवून तिच्या तिच्या साइडिंगमध्ये, मालाच्या दाराशी नेमकी उभी करावी लागते. रिकाम्या झालेल्या वाघिणी काढून, योग्य क्रमाने जोडून नवी गाडी तयार करावी लागते. या कामाला आपल्याकडे शंटिंग म्हणतात, तर अमेरिकेत स्विचिंग. कारण तिकडे रुळांच्या सांध्याला स्विच हे नाव आहे. या कामासाठी छोटी, हळू चालणारी वेगळी इंजिने असतात. गार्डाच्या हातात एक यादी असते : कोणत्या क्रमांकाची वाघीण कोठे ठेवायची. फळीवरचा खेळ म्हणजे हीच यादी पुरी करण्याचा खेळ.

सत्त्याऐंशी पटीचा हिशेब

या मॉडेलांचे सर्वांत रूढ प्रमाण एचओ या नावाने ओळखले जाते. त्यात खऱ्या रेल्वेचा एक फूट म्हणजे मॉडेलमधील ३.५ मिलिमीटर. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर असतात, त्याला ३.५ ने भागा. उत्तर ८७ च्या किंचित वर येते. म्हणजे सारे काही ८७ पटीने लहान. अमेरिकेतील रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. मॉडेलमध्ये ते १६.५ मिलिमीटर होते. चाळीस फुटी बंद वाघीण १४ सेंटिमीटरची होते. कपलिंग धरून तिला १५ सेंटिमीटर जागा लागते, असे समजू.

आता वजनाचे काय? ते ८७ पटीने कमी होईल का? नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटीने कमी झाल्यामुळे घनफळ ८७ × ८७ × ८७ म्हणजे सुमारे ६ लाख ५८ हजार पटीने कमी होते. माल भरलेली वाघीण सुमारे ७० टनांची धरली, तर त्या हिशेबाने मॉडेलची वाघीण १०६ ग्रॅमची व्हायला हवी. गंमत अशी, की १९३५ साली स्थापन झालेली अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था मॉडेलच्या वजनाबद्दल जी शिफारस करते, त्यानुसार १५ सेंटिमीटरच्या वाघिणीचे वजन ११० ग्रॅमच्या आसपासच येते. ही शिफारस वाघीण रुळावरून घसरू नये म्हणून केलेली आहे. तीही भरलेल्या खऱ्या वाघिणीच्या हिशेबाशी जुळते.

दोन वाघिणींच्या मधला माणूस

एक पाऊल आणखी पुढे जाऊ. अमेरिकेत वाघिणी जोडताना वेग ताशी ४ मैलांपेक्षा जास्त असू नये असे मानतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ मीटर, माणसाच्या झपझप चालण्याइतकाच. पण ७० टनांची वाघीण या वेगाने चालली असता तिची गतिज ऊर्जा काढा. वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते सुमारे १ लाख १० हजार ज्यूल. सत्तर किलो वजनाच्या माणसाला १६० मीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागेल तेवढी ही आहे. वाघीण ‘हळूच’ येते, पण ती हाताने थांबत नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील वाघिणी एका लोखंडी कडीने आणि खिळीने जोडल्या जात. ब्रेकमन नावाचा कामगार दोन वाघिणींच्या मध्ये उभा राही. एक हात पुढे करून तो कडी समोरच्या खाचेत धरी आणि वाघीण येऊन टेकताच वरून खीळ घाली. क्षणाचा उशीर झाला की बोटे चिरडत. पाय अडखळला तर जीव जाई. हजारो कामगार असे जायबंदी झाले.

व्हर्जिनिया राज्यातील ईलाय जॅनी यांनी १८७३ साली एका नव्या कपलिंगचे पेटंट घेतले. ते समजायला तुमचे हातच पुरेत. दोन्ही हातांची बोटे आकड्यासारखी वाकवा आणि एकमेकांत अडकवा. आता ओढून पाहा, सुटत नाहीत. जॅनी यांच्या कपलिंगमध्ये असेच लोखंडी वाकडे बोट असते. दोन वाघिणी एकमेकींवर टेकल्या की बोटे आपोआप मिटतात आणि आतून कुलूप पडते. सोडवायचे असेल तर बाजूला उभे राहून एक दांडा उचलायचा. मध्ये जायचे कारणच नाही.

शोध लागला म्हणून तो लगेच वापरात आला असे मात्र झाले नाही. नवी कपलिंगे बसवायला खर्च होता, आणि बोटे तर कामगाराची जात होती. आयोवा राज्यातील लॉरेन्झो कॉफिन यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. अखेर १८९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने स्वयंचलित कपलिंग आणि ब्रेक सक्तीचे करणारा कायदा केला. तो पूर्णपणे लागू व्हायला १९०० साल उजाडले. म्हणजे पेटंटपासून सत्तावीस वर्षे! आपल्याकडील मालगाड्यांच्या वाघिणींनाही आता याच जातीची मध्यवर्ती कपलिंगे असतात. फाटक बंद असताना समोरून मालगाडी हळू जात असेल तर दुरूनच नीट पाहा. मिटलेली मूठ दिसेल.

आता आपल्या मॉडेलकडे वळू. तेथे वेगही ८७ पटीने कमी, म्हणजे सेकंदाला २ सेंटिमीटर. ऊर्जा मात्र ८७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५०० कोटी पटीने कमी होते. ती एका ज्यूलच्या ४५ हजाराव्या भागाइतकी उरते. फळीवर कोणाचे बोट चिरडत नाही ते यामुळे.

मॉडेलच्या कपलिंगांतही छोटी मिटणारी बोटे असतात. अमेरिकेतील केडी कंपनीच्या कपलिंगखाली पोलादी तारेची एक शेपटी लोंबते. रुळांच्या मध्ये एक लोहचुंबक बसवलेला असतो. दोन वाघिणींचा जोड नेमका त्याच्यावर आणून इंजिन किंचित मागे सरकवले, की जोडातला ताण जातो. चुंबक दोन शेपट्यांना विरुद्ध बाजूंना ओढतो आणि बोटे उघडतात. ताण असेल तेव्हा चुंबकाची ओढ पुरी पडत नाही, म्हणूनच चालती गाडी चुंबकावरून गेली तरी तुटत नाही. चुंबक नसेल तर बांबूची टोकदार काडी जोडात घालून किंचित फिरवली तरी काम भागते.

तीन साइडिंगांची मांडणी

आता फळीवर रूळ कसे मांडायचे? एक फार सुटसुटीत मांडणी ॲलन राइट या इंग्रज हौशी गृहस्थांची आहे. तिचे नाव इंगलनूक. ती अमेरिकन इंजिन-वाघिणींनाही तशीच लागू पडते. त्यात दोन सांधे आणि तीन साइडिंगे असतात. अ साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, ब आणि क मध्ये प्रत्येकी तीन. तिन्ही साइडिंगे एकाच बाजूला उघडतात आणि तेथून पुढे रुळाचा एक आखूड तुकडा असतो. त्याला शंटिंग नेक म्हणतात. त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढेच मावते; एकही जास्त नाही.

मोजमाप करून पाहू. पाच वाघिणी म्हणजे ७५ सेंटिमीटर. इंजिन लहान घ्यावे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे ‘४४ टनी’ डिझेल इंजिन येथे शोभते. खरे इंजिन सुमारे ३३ फूट लांब, म्हणजे मॉडेल १२ सेंटिमीटरच्या आत. (चव्वेचाळीसच टन का? १९३७ साली असा करार झाला, की चालत्या चाकांवर ९० हजार पौंड वा अधिक भार असलेल्या इंजिनावर चालकाबरोबर दुसरा माणूस, फायरमन, हवाच. ९० हजार पौंड म्हणजे अमेरिकन मापाचे ४५ टन. कारखान्याने इंजिन एक टन हलके केले!) इंजिन आणि तीन वाघिणी मिळून नेकला ६० सेंटिमीटर पुरतात. सांधा ‘क्रमांक ४’ चा घ्यावा. म्हणजे चार सेंटिमीटर पुढे गेल्यावर रूळ एक सेंटिमीटर बाजूला होतो. दोन साइडिंगांमध्ये ५ सेंटिमीटर अंतर हवे असेल तर २० सेंटिमीटर पुढे जावे लागेल. या साऱ्यांची बेरीज सहा फुटी फळीत सहज बसते.

कोडे

आठ वाघिणींना १ ते ८ क्रमांक द्या. आठ चिठ्ठ्या पिसून त्यांतल्या पाच उचला. त्याच पाच वाघिणी, त्याच क्रमाने अ साइडिंगमध्ये उभ्या करायच्या. झाले कोडे!

पहिली चिठ्ठी आठ तऱ्हांनी निघेल, दुसरी सात, मग सहा, पाच आणि चार. ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२०. रोज एक कोडे सोडवले तरी सारी कोडी संपायला अठरा वर्षांहून अधिक काळ लागेल.

अडचण कोठे येते? साइडिंगचे दुसरे टोक बंद असते. शेवटी आत गेलेली वाघीणच आधी बाहेर येते. घरी एकावर एक रचलेल्या ताटांसारखे. खालचे ताट हवे असेल तर वरची आधी उचलावी लागतात. संगणकशास्त्रात अशा रचनेला स्टॅक म्हणतात. डोनाल्ड क्नुथ यांनी संगणकाच्या आज्ञावलींवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १९६८ सालच्या पहिल्या खंडात ही कल्पना रेल्वेच्या साइडिंगची आकृती काढूनच समजावून दिली आहे.

एक उदाहरण घेऊ. अ मध्ये सांध्याच्या बाजूने १, २, ३, ४, ५ असा क्रम आहे. ब मध्ये ६, ७, ८. क रिकामी. आपल्याला अ मध्ये २, १, ३, ४, ५ हवे आहे. नुसती पहिल्या दोघींची अदलाबदल! इंजिन १ आणि २ ला बाहेर काढते. इंजिनाला लागून १ आहे, टोकाला २. टोकाची २ क मध्ये ढकलून सोडायची. १ ला घेऊन बाहेर यायचे, सांधा बदलून तिला अ मध्ये ठेवायचे. परत क मध्ये जाऊन २ ला आणायचे आणि १ च्या पुढे लावायचे. आत-बाहेर मिळून आठ हालचाली झाल्या.

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे गावचे जॉन ॲलन हे या छंदातले नामांकित गृहस्थ. १९७२ साली त्यांनी ‘टाइमसेव्हर’ नावाची पाच सांध्यांची मांडणी प्रसिद्ध केली. तीत घड्याळ लावून खेळतात. पण सुरुवातीला घड्याळ नको. आधी विचार, मग हालचाल.

हळू चालवणे सोपे नाही

मॉडेलचे इंजिन रुळांतूनच वीज घेते. एक रूळ धन, दुसरा ऋण; आतील मोटर सुमारे १२ व्होल्ट एकदिश दाबावर चालते. धन-ऋण बदलले की इंजिन उलट चालते. पण शंटिंगला दोन-तीन व्होल्टवर रांगावे लागते, आणि रुळावर धुळीचा एक कण असला तरी वीज तुटून इंजिन जागच्या जागी थबकते. खरे इंजिन असे थबकत नाही. त्याच्या पोटात लाखभर ज्यूल ऊर्जा साठलेली असते, तिच्या जोरावर ते पुढे सरकते. मॉडेलजवळ ती पुंजी नाही. ती ५०० कोटी पटीने आटली आहे. म्हणून रूळ स्वच्छ फडक्याने पुसावे लागतात, आणि आताच्या मॉडेलांत पुष्कळदा एक छोटा कपॅसिटर बसवतात. तो क्षणभर वीज पुरवून जडत्वाची उणीव भरून काढतो.

आता सारा हिशेब एकत्र मांडा. लांबी ८७ पटीने घटली, वजन साडेसहा लाख पटीने, ऊर्जा ५०० कोटी पटीने. पण कोडे? खऱ्या यार्डातही आठ वाघिणींतून पाच लावण्याचे प्रकार ६७२० च, आणि फळीवरही ६७२० च. क्रमाच्या गणिताला ना वजन आहे, ना लांबी. म्हणून ते कोणत्याही प्रमाणात लहान होत नाही. फळीवर जे डोके चालवावे लागते ते खऱ्या यार्डातल्या माणसाचेच असते.

आणि गणिताला वजन नसल्यामुळे हा खेळ सुरू करायला पैसेही लागत नाहीत. एका लांब कागदावर तीन साइडिंगे आणि नेक आखा. आठ काड्यापेट्यांवर १ ते ८ आकडे लिहा. नववी पेटी इंजिन. पेटी उचलून ठेवायची नाही, फक्त रुळावरून सरकवायची, आणि नेकवर एका वेळी तीनच पेट्या. वरच्याच मांडणीपासून सुरुवात करा : अ मध्ये १, २, ३, ४, ५, ब मध्ये ६, ७, ८, क रिकामी. अ मध्ये ५, १, २, ३, ४ असा क्रम लावून दाखवा. हे होते, इतके सांगतो. किती हालचालींत झाले ते वहीत लिहून ठेवा आणि मित्राला तेच कोडे घाला.