पालि ग्रंथ : कोठून आणावेत, कोणते आणावेत

भातकुली व आसपासच्या खेड्यांतून जे विद्यार्थी आमच्याकडे पालि शिकण्यास येतात, त्यांचा पहिला प्रश्न विभक्तीचा किंवा क्रियापदाचा क्वचितच असतो. "सर, मूळ पुस्तक कोठे मिळेल?" हाच तो प्रश्न होय. शाळा-महाविद्यालयांतून पालि हा विषय घेता येतो, नागपूर विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, बहुतेक वस्त्यांतून विहार उभे आहेत. परंतु नेमलेल्या पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे पाऊल टाकावयाचे म्हटले की हाती ग्रंथ नाही. तो भातकुलीत नाही, आणि एस.टी.ने पाऊण तासावर असलेल्या अमरावतीच्या दुकानांतूनही बहुधा नाही. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला पुस्तकांची शेकडो दुकाने लागतात. तेथेही मराठी-हिंदी पुस्तकांचे ढीग असतात, मूळ पालि ग्रंथ शोधावा लागतो.

परदेशी राहणारा मराठी माणूस आपल्या भाषेतील पुस्तके मायदेशाहून मागवितो. आमच्या अभ्यासकाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. भाषा या भूमीची, उपदेश या भूमीतला, पण ग्रंथ मात्र लंडनचा, कोलंबोचा, रंगूनचा किंवा बँकॉकचा. याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. भारतात पालि ग्रंथांची परंपरा खंडित झाली. ती सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व सयाम येथील भिक्षुसंघांनी ताडपत्रांवर जपली. छापखान्याच्या युगात युरोपीय पंडितांनी हे ग्रंथ हाती घेतले. फाउसबोल यांनी १८५५ साली कोपनहेगन येथे धम्मपद छापले ते लॅटिन भाषांतरासह. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली लंडन येथे पालि टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि पुढे जवळजवळ सारे तिपिटक व अट्ठकथा रोमन लिपीत छापल्या गेल्या. सयामचे राजे चुलालंकरण यांनी १८९३ साली सयामी लिपीत ३९ खंड छापून जगभरच्या ग्रंथालयांना भेट दिले. म्हणजे नागरी वाचणाऱ्या माणसाखेरीज सर्वांची सोय झाली होती!

आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्राकडे आम्ही या दृष्टीनेही पाहतो. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या माणसाला बुद्धाची पहिली ओळख मराठी मासिकातील लेखाने झाली. पुढचे वाचावयाचे तर ग्रंथ नाही आणि शिकावयाचे तर गुरू नाही. म्हणून ते घर सोडून निघाले, आणि १९०२ साली सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी पोहोचले. नंतर ब्रह्मदेशातही राहिले. १९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी. मराठी मुलुखात नसलेल्या ग्रंथापाठी माणूस किती लांब जाऊ शकतो याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची जागा सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांची दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ लिहावा, ही त्या वृत्तीची अट होती. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांच्यापाशी जे शिकले त्यांतूनच पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे संपादक निर्माण झाले. बापट व वाडेकर यांनी संपादिलेले धम्मसंगणि १९४० साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने नागरीत छापले; वाडेकरांचे मिलिंदपञ्हो त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या नागरी मालेत निघाले; स्वतः कोसंबींचे विसुद्धिमग्ग मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्याच वर्षी काढले. हार्वर्डची रोमन आवृत्ती निघाली १९५० साली. या एका ग्रंथापुरता तरी नागरी वाचक दहा वर्षे पुढे होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही ग्रंथ परदेशातून आणण्याची किंमत मोजावी लागली होती. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविल्याचे चरित्रकार सांगतात. त्यांतील पुष्कळशी त्यांच्या हाती पुन्हा आलीच नाहीत. १९१७ साली ते लंडनहून परतत असता त्यांचे सामान घेऊन मागाहून निघालेली बोट महायुद्धात बुडविली गेली. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथ दुर्मीळ झाला असता १९४८ साली तो त्यांनी पुन्हा छापवून घेतला, तो उगाच नव्हे. त्यांच्या पालि व्याकरण व शब्दकोशाचा खंड, म्हणजे 'लेखन आणि भाषणे' या मालेतील सोळावा, शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केला. तो शासकीय ग्रंथागारात असतो तेव्हा अल्प किमतीत मिळतो. नसतो तेव्हा कोणत्याही किमतीत मिळत नाही.

धर्मांतराच्याच वर्षी, १९५६ साली, नालंदा येथून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नागरी तिपिटक निघू लागले आणि १९६१ पर्यंत त्याचे ४१ खंड पूर्ण झाले. हे सर्व खंड त्या वेळी वऱ्हाडातील मोजक्या विहारांनी जरी घेऊन ठेवले असते तरी आज हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती. परंतु त्या पिढीला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या घरात पहिला मुलगा नुकताच मॅट्रिक होत होता, त्या घराने ४१ खंड कोठून घ्यावेत? आणि या दीक्षित समाजातून पहिले पदवीधर बाहेर पडून लंडनच्या आवृत्त्यांकडे वळू लागले तोच जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. आदल्या दिवशी पौंडाला १३ रुपये ३३ पैसे पडत. दुसऱ्या दिवशी २१ रुपये. एकाच ग्रंथाची किंमत एका रात्रीत निम्म्याहून अधिक वाढली. आज पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात. आयात केलेल्या छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पाने पाच टक्के सीमाशुल्क लावले. त्यावर टपाल हशील आणि विक्रेत्याची आकारणी वेगळी. खारपाणपट्ट्यात घरी पैसा येतो तो कापूस विकल्यावर, आणि पूर्वी व्ही.पी. येऊन पडावयाची ती नेमकी पेरणीच्या तोंडावर. कित्येक पार्सले अशीच परत गेली आहेत.

म्हणून आमचे सांगणे असे की, पैसे पाठविण्यापूर्वी आपण नेमके काय मागवीत आहोत हे ठरवावे. हे वाटते तितके सोपे नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने मोठ्या शहरातील विक्रेत्याकडे मज्झिमनिकाय मागविला. आला तो इंग्रजी अनुवाद. पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेत्याच्या लेखी नाव तेच होते. वास्तविक एका निकायाभोवती तीन-चार निराळे ग्रंथ असतात : मूळ पाठ, त्याचा अनुवाद, त्यावरील अट्ठकथा आणि अट्ठकथेवरील टीका. पालि टेक्स्ट सोसायटीची प्रथा अशी की मूळ ग्रंथ पालि नावाने छापावा आणि अनुवादास इंग्रजी नाव द्यावे. 'डायलॉग्ज', 'किंड्रेड सेइंग्ज', 'ग्रॅज्युअल सेइंग्ज' अशी नावे दिसली की तो अनुवाद समजावा. मागणीपत्रात ग्रंथाचे नाव, मूळ की अनुवाद, लिपी, खंड, संपादक व प्रकाशनस्थळ ही सर्व माहिती लिहिली पाहिजे. यांतील एकही गोष्ट गाळली तर विक्रेता आपल्या सोयीने ती भरून काढतो.

लिपीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. पालीला स्वतःची लिपी नाही. ज्या देशात ती गेली त्या देशाची लिपी तिने घेतली. पुष्कळांना ही अडचण वाटते. आम्हांस ती सवलत वाटते. कच्चायन व्याकरणाप्रमाणे पालीचे वर्ण ४१ आहेत : ८ स्वर आणि निग्गहीत धरून ३३ व्यंजने. त्यांचा क्रम आपल्या वर्णमालेचाच आहे. तेव्हा सिंहली लिपी शिकणे म्हणजे सिंहली भाषा शिकणे नव्हे. ओळखीचे ४१ वर्ण आणि काही जोडाक्षरे नव्या वेषात ओळखणे, एवढेच ते काम आहे. रोज तासभर दिल्यास पंधरा दिवसांत मुले वाचू लागतात, असा आमचा अनुभव आहे. ज्याने हे केले त्याला श्रीलंकेतील बुद्धजयंती तिपिटकमाला किंवा सायमन हेवावितरणे निधीतून छापलेल्या अट्ठकथा वापरता येतात. श्रीलंकेहून येणारे भन्ते असे खंड दान म्हणून आणतात आणि ते विहारांच्या कपाटांत न उघडता पडून राहतात. अमरावती जिल्ह्यातच अशी कपाटे आम्ही पाहिली आहेत. परदेशी ग्रंथ दाराशी आला आणि आपण तो ओळखला नाही, ही स्थिती पैशाच्या अभावाहून अधिक खेदजनक आहे.

रोमन लिपीचेही थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजी येते म्हणून रोमन पालि वाचता येईल असे समजू नये. अक्षराखालील टिंब, वरील आडवी रेघ यांवाचून अर्थ पालटतो. ऱ्हीस डेव्हिड्स व स्टीड यांचा पालि-इंग्रजी कोश (१९२१-२५) पाहताना विद्यार्थी दोन ठिकाणी अडखळतात : निग्गहीतासाठी तेथे एन्‌ला शेपूट जोडलेले चिन्ह आहे, आणि शब्दांचा क्रम ए-बी-सी असा नसून अ-आ-इ-ई असा आहे. हे एकदा कळले की नागरी वाचकाला तो कोश इंग्रज विद्यार्थ्याहूनही सोपा जातो. या कोशाची लंडन आवृत्ती मागविण्याचे कारण नाही. दिल्लीच्या प्रकाशकांची पुनर्मुद्रणे आहेत. 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट'चे पन्नासही खंड १९०३ साली लाहोरात सुरू झालेल्या व फाळणीनंतर इकडे स्थिरावलेल्या मोतीलाल बनारसीदास यांनी पुन्हा छापले. गायगर यांचे पालि वाङ्मय व भाषा यांवरील जर्मन पुस्तक १९१६ चे; त्याचा बटकृष्ण घोष यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९४३ साली काढला. जर्मन न येणाऱ्या आमच्यासारख्यांना तोच उपयोगी पडला. मार्गरेट कोन यांचा नवा पालि कोश मात्र (पहिला भाग २००१, दुसरा २०१०, तिसरा त्यानंतर) व्यक्तीने विकत घेण्याचा ग्रंथ नव्हे. तो संस्थेनेच घ्यावा.

नागरी आवृत्ती घरी असली तरी रोमन आवृत्तीशी संबंध सुटत नाही, कारण जगभर संदर्भ दिला जातो तो लंडन आवृत्तीच्या खंडाचा व पृष्ठाचा. दीघनिकाय २.१५६ असे लिहिलेले असते, म्हणजे दुसऱ्या खंडाचे १५६ वे पान. तथागतांचे अंतिम वचन तेथे आहे. नागरी खंडाचे १५६ वे पान उघडणाऱ्यास ते सापडणार नाही. नालंदा आवृत्तीच्या समासात रोमन पृष्ठांक दिलेले आहेत, ते पाहण्याची सवय लावावी. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा (रंगून, १९५४-५६) पाठ अट्ठकथा-टीकांसह नागरीत आणला आणि १९९७ साली तो संगणकीय तबकडीवरही दिला. तेथेही निरनिराळ्या आवृत्त्यांचे पृष्ठांक मिळतात. त्याचे नागरी खंड तैपेई येथील बौद्ध प्रतिष्ठानाने धर्मदान म्हणून छापले, तेव्हा आता निदान मूळ पाठ तरी महाग राहिलेला नाही. तो मोबाइलवरही वाचता येतो. तरीही पाच जणांनी एका पाठाभोवती बसून अट्ठकथा लावावयाची तर मोबाइलच्या पडद्यावर ते जमत नाही, असे आमचे मत आहे. तरुण वाचकांचे याविषयी निराळे मत असू शकेल.

केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यातून अध्यासने निघतील, परिसंवाद होतील. नागरी अट्ठकथा स्वस्त किमतीत सतत बाजारात राहतील अशी व्यवस्था झाली, तर भातकुलीच्या विद्यार्थ्याला त्या दर्जाचा अर्थ कळेल. टपालाच्या बाबतीत मात्र एक बरी गोष्ट घडली आहे. नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्याने छोटे विक्रेते हवालदिल झाले होते. मे २०२५ पासून शैक्षणिक पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले आणि त्यात पाच किलोपर्यंतचे पार्सल सुमारे शंभर रुपयांत जाते. दिल्ली, वाराणसी किंवा इगतपुरीहून तीन-चार खंड एकत्र मागविणे त्यामुळे परवडते.

भातकुलीसारख्या गावी एकेकट्याने खरेदी करू नये. दहा घरांनी वर्षाला थोडी रक्कम विहाराकडे जमा करावी व पहिल्या वर्षी व्याकरण, बुद्धदत्त महाथेरांचा छोटा कोश आणि नागरी धम्मपद एवढेच घ्यावे. दुसऱ्या वर्षी दीघनिकायाचा महावग्ग घ्यावा, कारण महापरिनिब्बान व महासतिपट्ठान ही दोन्ही सुत्ते त्यात आहेत. अट्ठकथा तिसऱ्या वर्षी. ग्रंथ आल्यावर शीर्षकपानाच्या मागील बाजूस आवृत्ती व वर्ष पाहून ते विहाराच्या वहीत उतरून घ्यावे, कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवावा, आणि कपाटाची किल्ली पालि शिकणाऱ्यांपैकी एकाकडे असावी.