पासिंगची मुदतवाढ

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या छप्पन्नाव्या कलमाचा इत्यर्थ असा की, माल किंवा उतारू भाड्याने वाहणाऱ्या गाडीपाशी नमुना 38 मधील योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्या गाडीची नोंदणीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य ठरत नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत असो, टायर कोरे असोत आणि चालक कितीही निर्व्यसनी असो, तारीख उलटलेली गाडी सरकारदरबारी गाडीच नव्हे. या प्रमाणपत्राला गॅरेजांतून, ट्रक-अड्ड्यांवर आणि आरटीओच्या आवाराबाहेरच्या टपऱ्यांवर सगळे जण पासिंग म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल करून घ्यावे लागते. उशीर झाल्यास प्रत्येक दिवसामागे 50 रुपयांचा जादा आकार 2016 च्या डिसेंबरअखेरीस निघालेल्या अधिसूचनेने बसवला. तारखेविषयी इतके काटेकोर असलेल्या या व्यवस्थेला एके दिवशी आपणहून आपल्या तारखा बाजूला ठेवाव्या लागतील, अशी कल्पना 2020 च्या जानेवारीत कोणी केली नसती.

ते घडले 30 मार्च 2020 रोजी. टाळेबंदी लागून आठवडाही लोटला नव्हता, कचेऱ्या बंद होत्या, आणि अन्नधान्य, औषधे, दूध घेऊन जाणारे ट्रक मात्र चालू राहणे अत्यावश्यक होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना लिहिले की, ज्यांची मुदत 1 फेब्रुवारीपासून पुढे संपली वा संपणार आहे, अशी योग्यता प्रमाणपत्रे, परवाने, लायसन्स आणि नोंदणीपुस्तके 30 जूनपर्यंत चालू समजावीत. जून उजाडला तेव्हा ही मुदत 30 सप्टेंबरवर गेली, ऑगस्टात 31 डिसेंबरवर, डिसेंबरात 31 मार्च 2021 वर, मार्चमध्ये 30 जूनवर, जूनमध्ये पुन्हा 30 सप्टेंबरवर. आणि त्याही दिवशी शेवटची म्हणून 31 ऑक्टोबर 2021 पर्यंतची एक महिन्याची मुभा मिळाली. पहिली मुदत ज्या 30 जूनला सरणार होती, त्याच दिवशी आळंदी आणि देहूच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरकडे निघाल्या, हा केवळ योगायोग खरा. परंतु पायी चालण्याचा शतकांचा शिरस्ता जिथे तहकूब झाला, तिथे ब्रेक-तपासणीची काय कथा!

या मुदतवाढीची घडण न्याहाळण्यासारखी होती. इंग्लंडातही त्याच 30 मार्चपासून मोटारींच्या वार्षिक तपासणीला सवलत मिळाली. पण तिथे ज्याची तारीख येईल त्याला त्या तारखेपासून सहा महिने, असा हिशेब असल्यामुळे गर्दी जशीच्या तशी उचलून पुढच्या ऋतूत नेऊन ठेवली गेली, आणि 1 ऑगस्टपासून तारीख येणाऱ्यांना ती सवलत राहिली नाही. आपल्याकडे साऱ्यांना मिळून एकच अखेरची तारीख दिली गेली. फेब्रुवारीत मुदत संपलेला टेम्पो आणि सप्टेंबरात संपलेली रिक्षा या दोघांचा शेवटचा दिवस एकच. त्यामुळे प्रत्येक मुदतीच्या तोंडाशी रांग लांबायची, नवे पत्र निघाले की ती विरायची, आणि ज्याने घाई करून फी भरली व तपासणी उरकली तो शेजाऱ्यांच्या चेष्टेचा विषय व्हायचा. माझ्या मते या घडणीतला खरा दोष हाच होता. सवलत देणे अपरिहार्य होते. परंतु वेळेवर येणाऱ्याला वेडा ठरवणे अपरिहार्य नव्हते.

आणखी एक विसंगती अशी की, विम्याने इतकी उदारता दाखवली नाही. तृतीय पक्षाच्या विम्याला 2020 च्या एप्रिलात थोडीशी मुभा मिळाली, ती 15 मेपर्यंत हप्ता भरण्यापुरती. म्हणजे गाडी धडकली तर भरपाई कोणी द्यायची याची तारीख कायम होती. ती धडकू नये म्हणून जी तपासणी करायची, तिची मात्र नव्हती.

ट्रकांची गोष्ट निराळी आणि शाळेच्या गाड्यांची निराळी. ट्रक त्या काळात धावत होते, आणि पहिल्या काही आठवड्यांत महामार्गावरची गॅरेजे, पंक्चरची दुकाने, ढाबे सारे बंद असल्यामुळे ते जसे होते तसे धावत होते. दुरुस्तीच्या दुकानांना आणि ढाब्यांना 20 एप्रिलपासून केंद्राने मोकळीक दिली, तेव्हा कुठे त्यांच्या चाकांना मिस्त्रीचा हात लागला. शाळेच्या गाड्या याउलट जागच्या जागी उभ्या राहिल्या. उभी गाडी झिजत नाही, असा सर्वसामान्य समज आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. ब्रेक-ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि त्या ओलीने चाकाच्या सिलिंडरात आतून गंज धरतो, हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटून बसतात, टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, बॅटरी उतरते, आणि बॉनेटच्या उबेत उंदीर बिऱ्हाड करून वायरी कुरतडतात. धावणाऱ्या गाडीचे दुखणे चालकाच्या पायाला आधी कळते. उभ्या गाडीला असा साक्षीदार नसतो.

महाराष्ट्रातल्या शाळा 4 ऑक्टोबर 2021 पासून उघडू लागल्या. मुदतवाढ 31 ऑक्टोबरला संपायची होती. या दोन तारखांच्या मधल्या फटीत आमच्या आळीतल्या एका स्कूलबस-मालकांबरोबर पासिंग पाहण्यासाठी मी दिव्याला गेलो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ब्रेक पाहण्यासाठी 250 मीटरचा मार्ग असल्याखेरीज महाराष्ट्रात तेव्हा पासिंग करता येत नव्हते, आणि पुण्याच्या गाड्यांसाठी तो मार्ग दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या वाटेवर होता. मालकांनी तयारी चोख केली होती. पिवळा रंग नव्याने मारला होता. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी अशी रेडियमची पट्टी चिकटवली होती. प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक नळकांडे, खिडक्यांचे आडवे गज, सारे 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे जागच्या जागी होते. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेली छाप अर्जाला डकवली होती. एकंदरीत नवरदेवासारखी सजलेली ती गाडी रांगेत उभी राहिली तेव्हा पुढच्या टेम्पोवाल्याने तिच्याकडे वळून पाहिले.

निरीक्षक तरुण होते, मास्क हनुवटीवर उतरलेला, हातात फळी आणि तिच्यावर यादी. त्यांचे काम पाहणे हा एक आनंद होता, कारण त्यात घाई नव्हती आणि तोराही नव्हता. आधी चेसिस नंबर स्वतः वाकून पाहिला. मग चालकाला आत बसवून दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशी एकेक आज्ञा देत ते गाडीभोवती फिरले. टायरच्या खाचांत बोटाचे नख घालून पाहिले. स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवून पुढच्या चाकांतली ढिलाई अजमावली. वेगनियंत्रकाचे सील पाहिले. आपत्कालीन दरवाजा त्यांनी दोनदा उघडून लावला. मालक माझ्याकडे पाहून हसले. मग गाडी मार्गावर गेली, वेग घेतला, निरीक्षकांनी हात खाली केला आणि चालकाने पाय दाबला.

गाडी थांबली, पण सरळ थांबली नाही. शेपूट उजवीकडे गेले आणि नाक डावीकडे वळले. पुन्हा एकदा पळवली, पुन्हा तेच. डाव्या चाकांना ब्रेक धरत होता, उजवे मागचे चाक मात्र हूं की चूं करीत नव्हते. निरीक्षकांनी यादीवर खूण केली आणि म्हणाले, “काका, रंग छान झालाय. ब्रेक करून आणा.”

“साहेब, सोमवारपासून पोरं न्यायचीत,” मालक म्हणाले, “आणि कागद तर एकतीसपर्यंत चालतोय ना?”

प्रश्न भाबडा नव्हता. सरकारी पत्राप्रमाणे ती गाडी महिनाअखेरपर्यंत योग्य होती आणि आमच्या डोळ्यांदेखत ती अयोग्य ठरली होती; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. निरीक्षकांनी फळी खाली घेतली. कागद चालतो, हे त्यांनी मान्य केले. परंतु सदोष गाडी रस्त्यावर आणणे हा कलम 190 खाली गुन्हा आहे आणि त्या कलमाला कोणीही मुदतवाढ दिलेली नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि गरज पडल्यास दिलेले प्रमाणपत्र कारणे लिहून रद्द करण्याचा अधिकार छप्पन्नाव्या कलमातच आहे, हेही हळूच जोडले. रिकामी गाडी सावकाश गॅरेजला न्या, एक पोर बसवू नका, असे म्हणून ते पुढच्या टेम्पोकडे वळले.

गॅरेज घाटाखाली नव्हे, सासवडच्या बाजूला शोधायचे, एवढे शहाणपण चालकाने दाखवले. एका चाकाने दगा दिलेली गाडी दिवे घाटातून उतरवायला तो तयार नव्हता. मिस्त्रीने उजवे मागचे चाक काढले, ड्रमवर हातोडीचे चार घाव घातले तेव्हा कुठे तो सुटला. आत सिलिंडरचा पिस्टन गंजाने जाम झाला होता आणि रबराच्या वाट्या फुगून फाटल्या होत्या. “एकाची काढली तर चारही काढा, दादा,” तो म्हणाला, “उरलेली तीन काही वेगळ्या पावसात उभी नव्हती.” मालकांनी सामानाची किंमत विचारली, दुसऱ्यांदा विचारली, आणि मग चारही काढायला सांगितली. नवी तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली. तोवर काय करायचे याची खलबते त्यांनी गॅरेजच्या बाकड्यावर बसूनच उरकली आणि पालकांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली.