देवनागरी मजकूर आणि यादीतील कप्प्याची उंची

'मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर' हा पत्ता मोबाइलच्या पडद्यावरील यादीत एकाच ओळीत बसविला आणि जागा अपुरी पडल्यामुळे 'कर्जत' या शब्दापुढे तीन टिंबे उमटली, तर वाचकाच्या हाती काय उरते? कर्जत नावाचा तालुका रायगड जिल्ह्यातही आहे. म्हणजे गळला तो नेमका भेददर्शक भाग. हा दोष पत्त्याचा नव्हे, कप्प्याचा होय. कप्प्याची उंची आधी ठरली आणि मजकुराला तीत बसणे भाग पडले.

आयफोनच्या प्रणालीत अशा कप्प्याची उंची पूर्वी ॲप रचणारालाच सांगावी लागे. न सांगितल्यास ४४ पॉइंट ही ठरीव उंची लागू होई. साहजिकच मजकुरातील चिन्हे मोजून उंचीचा अदमास बांधण्याकडे कल असे. देवनागरीत ही मोजणी फसते. 'अहमदनगर' या नावात युनिकोडची ७ चिन्हे आहेत आणि अक्षरेही ७. २०२४ मध्ये जिल्ह्यास मिळालेल्या 'अहिल्यानगर' या नावात चिन्हे १०, परंतु अक्षरे ६ च. एका मापाने नवे नाव जवळजवळ दीडपट, दुसऱ्या मापाने जुन्याहून आखूड! पडद्यावरील रुंदी या दोन्ही संख्यांवरून निघत नाही; 'ल्या' किती जागा व्यापील हे टंकावर अवलंबून असते.

२०१४ मध्ये आयओएसच्या आठव्या आवृत्तीने कप्प्याला स्वतःची उंची स्वतः ठरविण्याची सोय दिली. तीसाठी उंचीच्या जागी 'ऑटोमॅटिक डायमेन्शन' योजावे लागते, ओळींची मर्यादा शून्य, म्हणजेच अमर्याद, ठेवावी लागते, आणि कप्प्याच्या वरच्या कडेपासून मजकुरातून खालच्या कडेपर्यंत बंधनांची साखळी अखंड असावी लागते. रुंदी निश्चित झाली की शब्द कोठे तुटतात ते कळते, त्यावरून ओळी, ओळींवरून उंची. हा क्रम उलटत नाही. खालचे एक बंधन राहून गेले तरी साखळी तुटते आणि मजकुराचा उंचीशी संबंध उरत नाही. अद्याप न दिसलेल्या कप्प्यांसाठी अंदाजित उंची धरली जाते. अंदाज फार चुकला तर यादी सरकविताना हिसके देते.

याहून सूक्ष्म प्रश्न एकेका ओळीच्या उंचीचा आहे. 'मूर्तींची' या शब्दात शिरोरेषेवर वेलांटी, रफार व अनुस्वार एकत्र येतात, आणि खाली दीर्घ उकारही असतो. रोमन लिपीच्या मापाने ओळीची उंची बांधून टाकली की ही चिन्हे कापली जातात. 'वंश' चा 'वश' होतो. 'सुत' आणि 'सूत' दोन्ही 'सत' होतात. गाळलेल्या पत्त्यापुढे निदान तीन टिंबे तरी उमटतात. येथे मात्र उरलेला शब्दही अर्थपूर्णच असल्यामुळे काही हरवले आहे अशी शंकासुद्धा वाचकास येत नाही. म्हणून कप्प्याइतकीच ओळीची उंचीही प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या देवनागरी टंकाच्या मापावर सोपविणे अवश्य आहे.

पुष्कळदा ॲपची परीक्षा इंग्रजी मजकूर भरून होते, आणि तीत यातले काहीच उघडकीस येत नाही. त्याऐवजी 'मूर्तींची' सारखे शब्द आणि मिरजगावचा पूर्ण पत्ता घालून, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून यादी पाहावी. वयस्क वाचक ती बहुधा तशीच पाहत असतो.