पहिलं सीझर झालंय, आता नॉर्मल डिलिव्हरी हवी? हॉस्पिटलला हे 5 प्रश्न विचारा

'एकदा सीझर झालं की पुढचंही सीझरच', हे तुम्हीही ऐकलं असेल. पण प्रत्येकीच्या बाबतीत ते खरं नसतं. सीझरनंतर नॉर्मल डिलिव्हरीचा प्रयत्न करणाऱ्या दर 4 पैकी साधारण 3 जणींना त्यात यश येतं. डॉक्टर याला 'व्हीबॅक' म्हणतात.

मग धोका कशाचा?

कळा सुरू असताना गर्भाशय जुन्या टाक्यांच्या जागी फाटू शकतं. साधारण 200 पैकी एकीला असं होतं. पण झालं तर बाळाचा ऑक्सिजन तुटतो, आईला मोठा रक्तस्राव होतो आणि हातात काही मिनिटंच असतात. म्हणूनच तुमच्या तब्येतीइतकीच हॉस्पिटलची तयारी महत्त्वाची.

काय विचाराल?

1. रात्री 2 वाजता गरज पडली, तर किती मिनिटांत सीझर सुरू होईल?
2. भूलतज्ज्ञ हॉस्पिटलमध्येच असतात की बाहेरून बोलवावे लागतात?
3. कळांच्या वेळी बाळाचे ठोके मशीनवर सतत बघणार का? ठोके बिघडणं हीच बहुतेकदा पहिली धोक्याची घंटा असते.
4. माझ्या गटाचं रक्त किती वेळात मिळेल?
5. बाळाचे डॉक्टर आणि एनआयसीयू जवळ आहेत का?

कळा आणण्यासाठी औषध देणार असतील, तर तेही आधीच बोलून घ्या. काही औषधांनी गर्भाशय फाटण्याचा धोका वाढतो.

कोणी प्रयत्न करू नये?

गर्भाशयावर वरच्या भागात उभा छेद असेल, गर्भाशय आधी फाटलं असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर सीझरच सुरक्षित. पोटावरचा व्रण आडवा असला, तरी आतला छेद तसाच असेल असं नाही. त्यामुळे पहिल्या सीझरचे कागद जपून ठेवा आणि पहिल्याच तपासणीत दाखवा.

उत्तरं समाधानकारक नसतील तर?

सातव्या-आठव्या महिन्यातच दुसरं हॉस्पिटल बघा, कळा सुरू झाल्यावर धावपळ नको. पुन्हा सीझर ठरलं तरी त्यात कमीपणा नाही. मात्र दर सीझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा धोका वाढतो. अजून मूल हवं असेल, तर हेही डॉक्टरांशी बोला.

आणि व्हीबॅकचा प्रयत्न घरी मुळीच नको. कळा सुरू झाल्या की थेट हॉस्पिटल गाठा.