पोटातली नळी काढायची राहिली तर नाही ना?

आंबिवलीहून कल्याण म्हणजे दोनच स्टेशनं. पित्ताच्या खड्यांनी पोट धरलं की कुणी कल्याणला दाखवतं, कुणी मुलाच्या ओळखीनं थेट परळच्या के.ई.एम.ला जातं. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत अडकलेला खडा काढतात, पुढे पित्ताशयही काढतात आणि बाई घरी येते. सासूबाई म्हणतात, "चला, सुटली एकदाची!" खरं आहे, पण मैत्रिणींनो, कपाटात साड्यांखाली ठेवलेला डिस्चार्जचा कागद एकदा बाहेर काढा. त्यात 'स्टेंट' हा शब्द आहे का पाहा. इंग्रजी जमत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

स्टेंट हा शब्द ऐकला की आपल्याला हृदयच आठवतं. पण पित्तनलिकेतही स्टेंट बसवतात. खडे पूर्ण निघाले नसतील किंवा सूज असेल, तर पित्त आतड्यात उतरत राहावं म्हणून ही प्लॅस्टिकची नळी ठेवतात. लांबीला बोटाएवढी, जाडीला दोन-तीन मिलिमीटर. हँबुर्गच्या डॉ. सोहेंद्रा यांनी दुर्बिणीतून अशी नळी बसवण्याची पद्धत 1980च्या सुमारास प्रसिद्ध केली. नाव मात्र लंडनच्या एका दंतवैद्याचं, चार्ल्स स्टेंट यांचं. दातांचे साचे घेण्याचं त्यांचं मिश्रण होतं, त्यावरून हे नाव पुढे कुठल्या कुठे गेलं!

ही नळी कायमची नव्हे. साधारण तीन महिन्यांत ती काढायची किंवा बदलायची असते, कारण आत गाळ आणि जंतू साचून ती तुंबते. आणि ती सरकतेही. नळी जागेवर राहावी म्हणून तिला बाजूला पाकळ्या किंवा टोकाला वेटोळं असतं, तरी शंभरातल्या पाच-दहा जणींची नळी हलते. कधी वर, नलिकेत आत चढते. कधी खाली आतड्यात उतरते आणि बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते, बाईला पत्ताही लागत नाही. क्वचित मात्र ती आतड्याच्या वळणात अडते, टोचते, भोकही पाडते. मग मोठं ऑपरेशन.

पण विसरायला कारण काय? दुखणंच थांबलेलं असतं! पित्ताशय काढलं म्हणजे नळीही निघाली, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते ऑपरेशन वेगळं आणि नळी काढणं वेगळं. बऱ्याचदा डॉक्टरही निराळे असतात.

मग वर्षभरानं डोळे पिवळे होतात, लघवी गडद, शौच पांढुरकी, अंगाला खाज. आपल्याकडे लगेच कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचं नाव सांगतं, गळ्यात माळ पडते. माळेनं तुंबलेली नळी कशी मोकळी व्हायची, हो? थंडी वाजून ताप आणि सोबत कावीळ असेल, तर एक रात्रही घरी काढू नका. पित्तात पसरलेला जंतूंचा विकार जिवावर बेतू शकतो. पोट एकाएकी कडक होऊन असह्य दुखलं तरी तसंच. एरंडेल देऊन पाहू, शेकून पाहू, हे नको.

काढण्याचं भय बाळगू नका. नळी जागेवर असेल तर उपाशी पोटी जायचं, तोंडातून दुर्बीण घालून बहुधा काही मिनिटांत ती ओढून घेतात. पोट फाडायचं नसतं. नळी वर चढलेली असेल तर काम थोडं किचकट होतं, इतकंच. शौचात नळी दिसली तर 'आपोआप निघाली, बरंच झालं' म्हणून गप्प बसू नका. आतला अडथळा गेला की नाही हे डॉक्टरांनी पाहायला हवं.

नळी आहे की नाही कळत नसेल, तर बहुधा पोटाचा साधा एक्स-रे पुरतो, ती त्यात दिसते. जाताना जुने कागद आणि फिल्म सोबत न्या. ज्यांची नळी नुकतीच बसली आहे, त्यांनी आजच कालनिर्णय खाली उतरवून, गॅसचा नंबर आणि दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, तीन महिन्यांनंतरच्या पानावर लाल पेन्सिलीनं लिहावं: नळी काढायची.