वायरलेस कार्डाचे फर्मवेअर : काढावे कोणी, वाटावे कोणी?

जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारे आपले बरेच बांधव आता त्यांत लिनक्स घालून देतात. ही प्रणाली मोफत आहे आणि तिच्या नकला वाटण्यासही मुभा आहे. पण आत ब्रॉडकॉम कंपनीचे जुने वायरलेस कार्ड निघाले की काम अडते.

कार्ड चालवायला दोन गोष्टी लागतात. ड्रायव्हर संगणकात चालतो, तर फर्मवेअर नावाची छोटी फाईल कार्डाच्या चिपमध्ये भरावी लागते. कंपनीने कार्डाची माहिती दिली नाही. तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने मूळ ड्रायव्हर तपासून कार्डाचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो लिनक्समध्ये दाखल झाला. फर्मवेअर मात्र कंपनीचेच राहिले व ते वाटण्याची परवानगी नव्हती. म्हणून डेबियनसारख्या वितरणांनी फाईल स्वतः दिली नाही. 'बी४३-एफडब्ल्यूकटर' हे साधन दिले. ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर ग्राहकाच्याच संगणकावर कापून काढते.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, प्रोग्राम ज्या कामासाठी मिळाला त्या कामापुरती नक्कल त्याचा कायदेशीर धारक करू शकतो. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम जुळवून घेण्यास आवश्यक माहिती, ती अन्यत्र सहज मिळत नसेल तर, मिळवण्याचीही मुभा आहे. परंतु ही मुभा माहितीची आहे, फाईल विकण्याची नाही. धंद्यासाठी जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा आमचा सल्ला असा : काढलेली फाईल पेनड्राइव्हवर घेऊन प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यंत्रात भरू नका. फर्मवेअर त्याच्याच यंत्रावर, त्याच्या संमतीने उतरवा. माल घेतानाच कार्ड पाहा. इंटेलने आपले फर्मवेअर वाटण्यास परवानगी दिली आहे. ब्रॉडकॉमनेही २०१० मध्ये काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर व वाटता येणारे फर्मवेअर दिले. अडेल तिथे कार्ड बदलणे स्वस्त पडते. घाऊक माल विकणाऱ्यांनी मात्र आधी वकिलाला विचारावे. दुकानाची पत कमवायला वर्षे लागतात, ती एका फाईलपायी घालवू नये.